एकटीने विश्वास ठेवायची सवय कुणालाच नसते

मावशी, सलाम.

मी बडोद्याची, फत्तेगंजात वाढलेली. एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकले आणि मास्टर्ससाठी जर्मनीत लाइपझिगला आले. इथला हा माझा दुसरा हिवाळा. गेल्या उन्हाळ्यात एका विषयात नापास झाले. घरी कुणालाच सांगितलेलं नाही. पप्पा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी करतात, माझ्या शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलंय. फेब्रुवारीत तोच पेपर परत आहे. नोव्हेंबरपासून रात्री तीनच्या सुमारास दचकून जाग येते. छाती धडधडते, हात गार पडतात, आता आपण मरणार असंच वाटतं. मग बायबलमधलं तेविसावं स्तोत्र म्हणते, प्रार्थना करते, पण धडधड थांबत नाही. ती थांबत नाही याचीच मग जास्त भीती वाटते. एकदा रात्री ट्राममध्ये एक माणूस माझ्यावर ओरडला. तेव्हापासून अंधार पडल्यावर बाहेर पडत नाही, आणि इथे डिसेंबर-जानेवारीत चार वाजताच अंधारून येतं. आत्याला थोडंसं सांगितलं, तर तिने प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, 'देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही' हे वचन पाठवलं आणि म्हणाली, उपास कर, विश्वास वाढव. इथल्या एका चर्चला जाऊन आले, पण जर्मन उपासना डोक्यावरून जाते. निकोलाई चर्चमध्ये एकदा नुसतीच बसून आले. तिथल्या खांबांना वर ताडाची पानं फुटलेली आहेत, ती बघत बसले. मावशी, माझा विश्वास खोटाच होता का? की परत येऊ?

— म.

चि. म., सप्रेम सलाम.

तुझ्या पत्रात आत्या आहे, बँक आहे, ट्राममधला तो माणूस आहे, तेविसावं स्तोत्र आहे. डॉक्टर मात्र कुठेच नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते, आत्याचं नंतर बघू.

तू लिहिलेली लक्षणं पॅनिक अटॅकची वाटतात. समोर धोका नसताना शरीर धोका आहे असं धरून चालतं आणि पळायच्या तयारीला लागतं. काळीज जोरात चालतं, श्वास उथळ होतो, हातपाय गार पडतात. साधारण दहा मिनिटांत हे शिगेला पोचतं आणि मग आपोआप उतरतं. जीव जातोय असं वाटतं, पण त्यानं जीव जात नाही. हे झालं माझं वाचून-ऐकून असलेलं ज्ञान. थायरॉइड वाढलं किंवा रक्त कमी झालं तरी अशीच धडधड होते, आणि ते बडोद्यात बसून पत्रावरून कळत नाही. तेव्हा या आठवड्यात जवळच्या हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, वेळ घे. आरोग्य विमा तुझा आहेच, त्याशिवाय तुला तिथे प्रवेशच मिळाला नसता. जाताना कागदावर चार ओळी लिहून ने: कधीपासून, किती वाजता, किती वेळ, दिवसा काय होतं. तिथे गेल्यावर माणूस 'तसं काही विशेष नाही' म्हणून मोकळा होतो, मग कागद बोलतो. विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी स्टुडेंटेनवेर्क नावाची संस्था असते, तिचं समुपदेशनही असतं. इंग्रजीत बोलता येईल का, ते वेळ घेतानाच विचार. आणि छातीतली कळ हातात उतरली, चक्कर येऊन पडलीस, किंवा जगूच नये असा विचार मनात आला, तर पत्रबित्र लिहीत बसायचं नाही, सरळ ११२ लावायचा. बोलायला माणूस हवं असेल तर तिथल्या दोन्ही मोठ्या चर्चांनी मिळून चालवलेली टेलेफोनझेलझोर्गे आहे, ०८०० १११०१११, फुकट आणि चोवीस तास. बोलणं जर्मनमधून होतं, पण मोडक्या जर्मनवर फोन आपटणारी ती माणसं नव्हेत.

आता तुझ्या रात्रीकडे येऊ. तू स्तोत्र म्हणतेस आणि म्हणता म्हणता नाडी बघतेस: उतरली का? नाही उतरली? मग माझं देवाशी काहीतरी बिघडलंय. प्रार्थनेचं तू थर्मामीटर करून टाकलंयस. दर दोन मिनिटांनी काढून पाहिलं तर कुणाचाही ताप वाढलेलाच दिसेल. अंथरुणात पडून राहू नकोस. उठून बस, पाय जमिनीला टेकव, दिवा लाव, श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव. स्तोत्र म्हणायचंच असेल तर बाहेर सोडताना एकेक तुकडा म्हण, सावकाश, आणि धडधड थांबली की नाही हे बघायचंच नाही. ती आपल्या वेळेने थांबते. आणखी एक साधा हिशोब तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तुझे पहाटेचे तीन म्हणजे फत्तेगंजातले सकाळचे साडेसात. घरात चहा झालेला असतो, दूधवाला येऊन गेलेला असतो, सगळी उठलेली असतात. तू मध्यरात्री एकटी आहेस असं तुला वाटतं, त्या वेळी तुझं अख्खं घर जागं असतं. फोन कर. काही सांगू नकोस हवं तर, आज भाजी काय, एवढंच विचार.

आता आत्या. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण वचन पाठवण्याच्या या पद्धतीचा मला मनस्वी राग येतो. संदर्भ तोडून एक ओळ काढायची, तिला गुलाबाचं फूल लावायचं आणि आजारी माणसाच्या फोनवर टाकायची. तुझ्याकडे बायबल आहेच, तर ते पत्र उघडून माझ्याबरोबर वाच. आत्याने पाठवलं ते पहिल्या अध्यायातलं सातवं वचन. तिथून तीन वचनं वर जा. चौथ्यात पौलाला तीमथ्याचे अश्रू आठवतात. पाचव्यात तीमथ्याच्या आजीचं नाव आहे, लोईस, आणि आईचं, युनीके. म्हणजे हे वचन कुणाला लिहिलंय? घरापासून लांब राहिलेल्या, रडलेल्या एका तरुण मुलाला. तुझे अश्रू मला ठाऊक आहेत, तुझी आजी आणि आई कोण तेही मला ठाऊक आहे, असं आधी म्हणून घेतल्यावर पौल भित्रेपणाचं बोलतो. आत्याने मधलं सगळं गाळलं. बरं, याच तीमथ्याला आधीच्या पत्रात पौलाने काय सांगितलंय? नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. त्या काळचं औषधच ते. उपास कर असं काही त्याने त्या दुखण्यावर सुचवलेलं नाही.

पण मला या पत्राचा शेवट जास्त आवडतो, आणि तो कुणी कुणाला पाठवत नाही. पौल तुरुंगात आहे, आपला शेवट जवळ आलाय हे त्याला दिसतंय. देमास सोडून गेला, बाकीचे कामाला पांगले. अशा वेळी तो विश्वासाचा मोठा वीर तीमथ्याकडे काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकं आण. येताना मार्कालाही आण. आणि होईल तितकं कर, पण हिवाळ्याच्या आत ये. लूक तेवढा माझ्याजवळ आहे, असंही सांगतो, आणि लूक म्हणजे वैद्य. ऊबदार कपडा, वाचायला काहीतरी, दोन जवळची माणसं आणि शेजारी डॉक्टर! प्रेषिताला हे सगळं लागलं आणि ते मागायला त्याला लाज वाटली नाही. तू मात्र तिथे आपल्या खोलीत बसून यातलं काहीही न मागता फक्त विश्वासावर हिवाळा काढायला निघालीस.

क्रुसावर जाण्याआधीची गेथशेमाने बागेतली रात्र तर तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. तिथे प्रभू येशू स्वतः हादरलेला होता. त्याने तिघांना जवळ बसून जागं राहायला सांगितलं आणि ते झोपले. त्याने तीच प्रार्थना तीनदा केली आणि दुःखाचा प्याला काही टळला नाही. याला अविश्वास म्हणायची हिंमत तुझ्या आत्यालाही होणार नाही.

जाता जाता, ते 'भिऊ नको' बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, वर्षाच्या दर दिवसाला एक, असंही कुणीतरी तुला पाठवेल. मोजायला बसलं तर तेवढं भरत नाही. पण जिथे जिथे ते येतं तिथे ऐकणारा घाबरलेलाच असतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी शिक्षा करत नाही. पुढे बहुतेकदा 'मी तुझ्याबरोबर आहे' असं येतं. 'तुला काहीच होणार नाही' असं क्वचितच.

तुझा खरा प्रश्न होता, माझा विश्वास खोटा होता का. मला वाटतं, तू फत्तेगंजात कधी एकटीने विश्वास ठेवलाच नव्हतास. रविवारी गुजरातीतून उपासना, घरी आजीची मराठी प्रार्थना आणि उपासना संगीतातली तिची ठरलेली गीतं, नाताळच्या आधी तरुण संघाबरोबर रात्री दारोदार गायला जाणं, तुझ्या परीक्षेच्या आधी पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवणं. तुझ्या विश्वासाचं ओझं पन्नास माणसं मिळून उचलत होती आणि तुला ते कळतही नव्हतं, कारण जन्मापासून तसंच होतं. लाइपझिगला गेल्यावर ते सगळं एकदम तुझ्या एकटीच्या खांद्यावर आलं. खांदा दुखणारच. त्यात तो सॅक्सनीचा मुलूख. पूर्व जर्मनीत बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत, उपासनेला पिकल्या केसांची थोडी माणसं दिसतात. तिथे कुणी तुला विचारलं नाही म्हणून देवानेही विचारलं नाही, असं समजू नकोस.

तू ज्या चर्चमध्ये ताडाची पानं बघत बसलीस, तिथेच भीतीची एक मोठी गोष्ट घडलेली आहे, तुला कुणी सांगितली की नाही कोण जाणे. निकोलाई चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांतीसाठी प्रार्थना होत असे. ९ ऑक्टोबर १९८९ चा सोमवार आला तेव्हा पूर्व जर्मनीचं सरकार प्रार्थनेनंतर निघणाऱ्या मोर्चांमुळे चिडलेलं होतं, शहरात जागोजाग सशस्त्र पोलीस उभे होते, आणि चीनमधल्या तिआनआनमेन चौकात निदर्शकांवर चाललेल्या गोळ्यांचं रक्त अजून वाळलेलं नव्हतं. आज गोळ्या चालणार असंच जो तो धरून होता. सत्ताधारी पक्षाने तर जागा अडवायला आपली माणसं दुपारपासूनच बाकांवर आणून बसवली होती! प्रार्थना झाली, दारं उघडली आणि सुमारे ७०,००० माणसं शहराच्या रिंगरोडवरून चालत गेली. कितीकांच्या हातात मेणबत्त्या होत्या. गोळी चालली नाही. बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. त्या ७०,००० माणसांची भीती काही प्रार्थनेने पुसली गेली नव्हती. पोटात गोळा घेऊनच ती चालली, फक्त एकेकटी चालली नाहीत. त्यात देव मानणारे किती आणि न मानणारे किती, हे कुणी दारात विचारलं नाही. सर्वांसाठी खुलं, असंच ते चर्च आजही स्वतःबद्दल सांगतं.

ती सोमवारची पाचची प्रार्थना अजून होते. तू जा. जर्मन कळायला हवं असं काही नाही. सगळे प्रभूची प्रार्थना म्हणू लागले की तू मराठीत म्हण, पुटपुटत नव्हे, शेजारच्याला ऐकू जाईल इतकं. त्याशिवाय जर्मन विद्यापीठांच्या गावांत विद्यार्थ्यांची स्वतःची मंडळी, म्हणजे चर्चचा गट, असते. प्रोटेस्टंटांच्या मंडळीला सगळे ईएसजी म्हणतात, कॅथलिकांची वेगळी. परदेशी विद्यार्थ्यांची तिथे ये-जा असते, एकत्र जेवण होतं, बोलायला पाळक असतात, आणि पैशाची एकाएकी अडचण आली तर परदेशी विद्यार्थ्यांसाठी ईएसजीकडे मदतनिधीही असतो. पहिल्या दिवशी कुणाशी बोलायला जमलं नाही तर बटाटे सोलायला बस. आपल्याकडे महिला मंडळात अर्ध्या मैत्र्या कांदा चिरतानाच झाल्या आहेत.

ट्राममधल्या त्या माणसाबद्दल फार लिहीत नाही. तो नालायकपणा त्याचा आहे, तुझ्या विश्वासाशी किंवा तुझ्या धीटपणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पुढच्या डब्यात, ड्रायव्हरच्या मागे बस, पुन्हा काही झालं तर ११० वर पोलिसांना कळव, आणि संध्याकाळचं पहिलं बाहेर पडणं कुणाला तरी सोबत घेऊन कर. मात्र चार वाजता खोलीत कोंडून घ्यायचं थांबव. जितकं टाळशील तितका तो अंधार मोठा होत जाईल.

परत येऊ का, असं विचारलंस. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला, दोन वर्षांची मनोरमा कडेवर घेऊन. काही महिन्यांतच सोबत गेलेल्या मैत्रिणीचा तिथे मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही काय मानायचं आणि काय नाही यावर तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे पत्रांतून चांगले खटके उडाले. आणि कानाने कमी ऐकू यायला लागलं म्हणून वैद्यकी राहिलीच. ज्यासाठी गेल्या ते झालं नाही. त्या चेल्टनहॅमला संस्कृत शिकवू लागल्या, मग अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. आपल्या मंडळीत रमाबाईंचं नाव निघतं ते नेहमी धैर्याची मूर्ती म्हणून. बिघडलेल्या बेतांची ती यादी कुणी मुलींना वाचून दाखवत नाही. आणि आपल्या बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर गेलेले बाबासाहेब? १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि पूर्ण करून आले. तेव्हा परत येणं हा काही कलंक नाही. पण रात्री तीन वाजता घ्यायचा तो निर्णय नाही. डॉक्टर, पप्पा आणि तुझ्या विभागाचा सल्लागार या तिघांशी बोलून झाल्यावर, दिवसाउजेडी ठरव. तेव्हाही यावंसं वाटलं तर ये. तोवर तिकिटांचे दर बघत बसू नकोस.

आता सगळ्यात अवघड, पप्पा. तुझी निम्मी भीती तिथे आहे असा माझा कयास आहे. जर्मनीतल्या पुष्कळ विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी असतात आणि तिसरीही गेली तर तो अभ्यासक्रम सुटतो. हे तुला माहीत असणार आणि म्हणूनच तुझी झोप उडाली असणार. इतकं मोठं गुपित आणि इतका मोठा पेपर एका वेळी डोक्यात मावत नाही. पेपर टाळता येत नसेल तर गुपित तरी उतरव.

फोन रविवारी कर, उपासनेहून सगळे घरी आल्यावर, पप्पांचं जेवण झाल्यावर. आधी मम्मीला सांगून तिच्याकरवी पोचवायचं नाही, हे बापाला लागतं. लांबण लावू नकोस. 'पप्पा, जुलैत एका विषयात नापास झाले, फेब्रुवारीत परत आहे, रात्री झोप येत नाही, डॉक्टरकडे जाऊन आले.' एवढंच, याच क्रमाने. म्हणजे डॉक्टर आधी. मग ते गप्प बसतील किंवा चिडतील. दोन्ही सोसायचं. जरा वेळाने पैशाचा विषय तेच काढतील, तेव्हा तुझ्याकडे आकडे तयार हवेत. सध्याच्या नियमाने जर्मनी एका वर्षाच्या खर्चाला ११,९०४ युरो दाखवायला लावते, महिन्याला ९९२. सहामाही लांबली तर साधारण ६,००० युरो जास्त लागतील असं धर. त्यातलं तू किती कमवू शकतेस? विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण परीक्षा होईपर्यंत ते नाव काढू नकोस. कर्जाचा हप्ता बहुतेक बँकांच्या योजनेत शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतो. शिक्षण लांबलं तर मुदत वाढवून मागता येते, फक्त अर्ज वेळेत आणि लेखी करावा लागतो. ते काम पप्पांना दे. बँकेच्या खिडकीशी जाऊन भांडायचं काम मिळालं की बापमाणूस सावरतो. व्हिसाची काळजी एका विषयापायी करू नकोस. मुदत वाढवताना अभ्यास रीतसर पुढे सरकतोय ना, हे ते बघतात.

हे पत्र इतर आईबापही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठीही एक सांगते. मूल परदेशात असलं आणि तुम्हालाच रात्री झोप येईना झाली, तर आपल्याकडे टेली-मानसचा १४४१६ आहे. सरकारी, फुकट.

म., हे सगळं करण्याआधी आजच एक काम कर. तुझ्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत, जिला तिथे प्रुफुंग्सओर्डनुंग म्हणतात, दोन गोष्टी शोध: या विषयाला संधी नेमक्या किती, आणि फेब्रुवारीच्या पेपरातून नाव मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती. ती तारीख उलटली की सहसा डॉक्टरच्या दाखल्याशिवाय नाव मागे घेता येत नाही, म्हणजे डॉक्टरची वेळ त्याआधीची हवी. तारीख पुढच्या चार-सहा दिवसांतच असेल तर पप्पांसाठी रविवारची वाट पाहू नकोस, आजच लाव फोन. आणि मला तारीख कळव.

— मावशी